देवकाबाईंच्या बेटाचा परवाना

देवकाबाईंनी बेटावर जायचे ठरवले ते सिमेंटमुळे.

यात हसण्यासारखे काही नाही. सिमेंटमुळे माणसे घरे बांधतात, सामाईक भिंतीवरून भांडतात आणि मग कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. सिमेंटमुळे समुद्राकडे निघालेली बाई ब्रह्मपुरीने तोवर पाहिली नव्हती, एवढाच काय तो फरक. घडले असे, की अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीत घुग्घुसकडच्या एका सिमेंट कंपनीने आपल्या दुकानदारांसाठी बक्षीस जाहीर केले. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत मिळून जो सर्वांत जास्त माल विकील, त्याला सपत्नीक लक्षद्वीपच्या एका बेटाची सहल. जाणे-येणे विमानाने, राहणे-खाणे परदेशी पाहुण्यांच्या बरोबरीचे. सोबत एक रंगीत पत्रक होते. त्यावर निळे पाणी, पांढरी वाळू, माडाच्या झावळ्यांनी शाकारलेली एक खोपी आणि खोपीसमोर वेताची खुर्ची. खुर्चीत कोणी बसलेले नव्हते. ती आपल्यासाठीच मोकळी ठेवली आहे, याविषयी देवकाबाईंच्या मनात क्षणभरही संदेह राहिला नाही.

दुकानाच्या पाटीवर नाव होते रामाजींचे, म्हणजे त्यांच्या यजमानांचे. रामाजी गल्ल्याशेजारी बसत आणि आलेल्याला पाणी देत. बाकीचे सर्व देवकाबाई पाहत. घराणे मूळचे तलावावरचे, मासळीचे; टोपली डोक्यावर घेऊन गावोगाव हिंडलेल्या बाईने सिमेंट-लोखंडाचे दुकान उभे केले, ही कथा सांगण्याजोगी आहे, पण ती येथे सांगायची नाही. त्यांच्या मनात जे होते ते मात्र सांगितले पाहिजे, नाहीतर पुढील सगळा खटाटोप वेडेपणाचा वाटेल.

देवकाबाईंचे माहेर सिरोंचाकडचे, प्राणहितेच्या काठचे मद्दीगुडा. वडील नाव चालवीत. लहानपणी तिने वडिलांना विचारले होते, हे पाणी कुठे जाते? गोदावरीत. मग? समुद्रात. समुद्राच्या पलीकडच्या काठावर कोणते गाव आहे? वडील वल्हे थांबवून म्हणाले होते, "त्याले पलीकडचा काठच नाई, बाई." एवढेच. पुढे लग्न होऊन ती वैनगंगेकडे आली आणि उभा जन्म तलाव, लहानसहान तळ्यांच्या बोड्या आणि नदी यांच्या काठाने गेला. त्या साऱ्या पाण्यांना समोर काठ होता, आणि त्या काठावर नेहमी कोणीतरी ओळखीचे उभे असे. ते ओरडून भाव विचारी, उधारी मागे, किंवा नुसतेच पाहत राही. कधी तिन्हीसांजेला देवकाबाई तलावाच्या पाळीवर जात आणि डोळ्यांसमोर तळहात आडवा धरून पलीकडचा काठ झाकून पाहत. हात लहान पडे. दोन्ही कडांनी झाडे डोकावत.

म्हणून पत्रक हाती आल्या दिवसापासून त्यांनी सिमेंट विकायला घेतले. पूर्वीही विकत होत्या, पण ते गिऱ्हाइकाच्या गरजेनुसार. आता ते देवकाबाईंच्या गरजेनुसार विकले जाऊ लागले. गुरांच्या टाकीची भेग बुजवायला एक थैली मागणारा मनुष्य गोठ्याला फरशी करून घेऊन जाई. ज्याच्या घरी मुलगी उपवर, त्याच्या अंगणाला पाहुणे येण्यापूर्वी ओटा झाला. देवकाबाई दुकानाच्या पायरीवर उभ्या राहून म्हणत, "मातीच्या नहाणीत सून किती दिस नहाईन, भाऊ? तुमाले लाज नाई वाटत?" आणि त्या भाऊला लाज वाटे. होळीच्या आत निकाल लागला. बक्षीस ब्रह्मपुरीला आले.

मुलगा श्रीहरी पेढे घेऊन आला, सून कुंता हिने सासूबाईंच्या पायांवर डोके ठेवले, आणि शेजारच्या कांताबाई पत्रक पाहायला आल्या.

कांताबाई मास्तरांच्या पत्नी. त्या गल्लीतील समुद्र पाहिलेली एकमेव व्यक्ती होत्या. रामेश्वरला जाऊन आल्याला पुष्कळ वर्षे झाली होती, पण कोणी पाण्याचा विषय काढला की त्या डोळे अर्धे मिटून "समुद्राची गोष्टच येगळी" म्हणत आणि पुढे काही सांगत नसत. ते मौन देवकाबाईंनी वर्षानुवर्षे सोसले होते. आता कांताबाईंनी पत्रक उजेडात धरले, उलटे केले, सुलटे केले.

"देवकाबाई, हे तं झोपडं हाय वं!"

"तिकडं त्याले कॉटेज म्हणतात."

"म्हणोत. पण झावळ्याचंच हाय ना? जन्मभर लोकाइले सिमेंट इकलं आन बक्षिसात झोपडी?"

रामाजी गल्ल्याशेजारून हळूच म्हणाले, "मलेही तेच वाटलं. कंपनी सिमेंटची, आन त्यात सिमेंट कुठीच नाई."

"तुमी पाणी द्या कांताबाईले," देवकाबाई म्हणाल्या.

त्यानंतर आठवडाभर गल्लीने सल्ला दिला. सल्ल्याला आपल्याकडे वजन नसते, म्हणून तो कोणी उचलूनही नेत नाही. दाराशी त्याचा ढीग साचत जातो. बोट लागते, म्हणून हिंग कमरेला बांधावा. विमान लागते, म्हणून लिंबू. तिकडे सगळ्यात नारळ घालतात, म्हणून जवसाची चटणी न्यावी. एकाने सांगितले की मीठ मात्र नेऊ नये, उगाच ओझे होते. रामाजी प्रत्येकाचे ऐकून घेत आणि हो म्हणत. त्यांना कोठेही जायचे नव्हते. पण ते कोणी विचारले नव्हते.

खरी अडचण पुढेच होती. ते बेट राखीव. सरकारच्या परवान्यावाचून तेथे उतरता येत नाही, आणि परवान्यासाठी अर्ज, अर्जासोबत पोलिसांचा दाखला. कंपनीने कोरे फॉर्म पाठवले. श्रीहरी भरायला बसला, तेव्हा देवकाबाईंनी त्याच्या हातातून पेन काढून घेतले आणि घनश्यामभाऊंना बोलावणे धाडले.

घनश्यामभाऊ रामटेके तहसिलीतून निवृत्त झालेले अव्वल कारकून. छप्पन्न साली दीक्षा घेतलेल्या घरातले, शिक्षणावर आणि नियमावर निष्ठा असलेले गृहस्थ. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे नुसती विजेची बिले येत. हा अर्ज पाहून त्यांचे डोळे पाणावले. त्यांनी चष्मा पुसला, पाटावर बसायचे नाकारले, टेबल मागितले.

"जाण्याचा हेतू," त्यांनी वाचले.

"पाहणे," देवकाबाई म्हणाल्या.

"पाहणे हा हेतू होत नाई, बाई. पाहणे तं कोणीही पाह्यते. सरकारपाशी हेतू भक्कम पायजे." त्यांनी थोडा विचार केला. "निरीक्षण लिहू?"

"निरीक्षण म्हणजे पाहणेच ना?"

"बसून पाहणे."

"मंग लिहा निरीक्षण."

पुढचा रकाना जन्मगावाचा. रामाजी म्हणाले, "ब्रह्मपुरीच लिहून टाका ना भाऊ. एवढ्या लांबचं कोण पाहून राह्यलं?"

घनश्यामभाऊंनी पेन खाली ठेवले. "रामाजीभाऊ, मी तहसिलीत जन्म काढला. सरकारपाशी खोटं चालत नाई." आणि त्यांनी ठसठशीत अक्षरांत मद्दीगुडा लिहिले. प्रामाणिकपणाचा इतका मोठा दंड त्या गल्लीत पुन्हा कोणाला बसला नाही.

प्रथम विचारणा आली ती हेतूबद्दल. परवाना देणाऱ्या कचेरीने अत्यंत नम्रपणे पुसले होते, की अर्जदार महिला कोणत्या खात्याच्या वतीने निरीक्षणास येत आहेत, आणि बेटावरील कोणाविरुद्ध तक्रार आहे काय? घनश्यामभाऊंनी तीन पानी उत्तर लिहिले. देवकाबाईंनी ते ऐकले आणि फाडायला लावले. "पाहणे. फक्त पाहणे," असे त्यांनी लिहवून घेतले, आणि खाली सही केली.

रामाजींचा पोलिसांचा दाखला आठ दिवसांत आला. देवकाबाईंचा आला नाही. श्रीहरी चौकशीला गेला, त्याला बसवून ठेवले गेले, आणि शेवटी डोमा नावाच्या हवालदाराने त्याला बाजूला घेऊन, घरातले कोणी वारले असता बोलतात तशा आवाजात सांगितले, "भाऊ, तुमच्या मायची चौकशी त्याइच्या जन्मगावी झाली. तिथी असी बाई नाई."

"आता नाईच तं काय. ती इथी हाय."

"तसं नाई. असी बाई तिथी जन्मलीच नाई. कोणी नाव आयकलं नाई. सरपंच म्हणे नाई, नाव चालवणारे म्हणे नाई. हवालदार दोन येळा फिरून आला."

देवकाबाईंनी हे ऐकले तेव्हा त्या थैल्या मोजत होत्या. त्यांनी मोजणे पुरे केले. मग आत जाऊन लुगडे बदलले.

"श्रीहरी, गाडी किती वाजताची हाय?"

"कुठची, माय?"

"मी जन्मले नाई म्हणतात ना? पाहून येऊ."

ब्रह्मपुरीहून सिरोंचाकडे जाणे म्हणजे दोन एस.टी. बदलून दिवसभर सागाची पाने मोजणे. वाटेत आलापल्लीच्या पुढे गाडी पंक्चर झाली, आणि उतारू झाडाखाली उतरले. देवकाबाई ताठ बसून राहिल्या. ज्या गावात आपल्या पायाला पहिला काटा बोचला, त्या गावाने आपल्याला ओळखले नाही, हा काटा आता दुसऱ्याच ठिकाणी बोचत होता. लग्नानंतर माहेरी जाणे कमी कमी होत गेले, हे खरे. आई गेली, वडील गेले, दुकान वाढले. पण म्हणून बाई जन्मलीच नाही? श्रीहरीने डबा उघडला. त्यांनी मान हलवली.

मद्दीगुड्याला पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता. मोठा भाऊ श्रावण अंगणात जाळे सांधत होता. बहिणीला पाहताच त्याने जाळे टाकले, आणि त्याच्या चेहऱ्यावर जो अभिमान पसरला, तो पाहून देवकाबाई उंबऱ्यातच थांबल्या.

"आली! मनकर्णा आली!" तो ओरडला. "मंगले, धाव! मनके, भेऊ नोको. सगळं निपटवलं आमी."

"काय निपटवलं, दादा?"

"पोलीस आला होता. एकदा नाई, दोनदा. देवकाबाई कुठी जन्मली, कोणाची पोरगी, कसी हाय. म्या तवाच ओळखलं, पोरीनं काही तरी भानगड केली. मंग म्या सगळ्याइले सांगून टाकलं, कोणी एक शब्द बोलाचा नाई."

एव्हाना मंगली आली. ती देवकाबाईंची लहानपणची मैत्रीण, आता दात नसलेली आणि तितकीच उत्साही. तिच्यामागे निम्मे गाव. सगळ्यांच्या तोंडावर कर्तव्य पार पाडल्याचे तेज.

"म्या तं शपथ घेतली पोलिसापुढं," मंगली म्हणाली. "म्हणलं, साहेब, देवका म्हणून ह्या गावात शेळीही नाई. आन खोटं कुठी होतं? आमची तं मनकर्णा. देवका तं तुझ्या सासरच्याइनं ठेवलं."

"नाव लपवलं, तुले लपवलं," श्रावण म्हणाला. "सांग आता. काय केलं तुनं? कोणाले मारलं?"

येथे जरा थांबून हे सांगितले पाहिजे, की त्या बाजूला ते दिवसच असे होते. पोलीस दाराशी येऊन एखाद्याचे नाव विचारू लागला, की प्रेमाचा एकच अर्थ होता, नाही म्हणणे. त्या गावाने आपल्या लेकीवर जेवढे प्रेम होते तेवढे ओतून तिला नाहीशी केली होती. लग्नात बोहल्यावर तांदळात अंगठीने लिहिलेले नाव हा केवढा मोठा आडोसा होतो, हे देवकाबाईंना त्या क्षणी कळले. त्यांना रागावता येईना. ही त्यांच्या आयुष्यातील फार गैरसोयीची अवस्था होती.

"दादा," त्या कशाबशा म्हणाल्या, "म्या काही नाई केलं. मले समुद्र पाहाले जाचं हाय."

 मग श्रावण हळूच म्हणाला, "बापू सांगे तो?"

"हो. तोच."

"मंग अगोदर काऊन नाई सांगितलं वं?" आणि त्याने खुंटीवरून सदरा काढला.

पुढील प्रसंगाचे वर्णन देवकाबाईंनी पुढे कधीही कोणाला करू दिले नाही. लेकीला नाहीशी करणारे सबंध गाव आता तिला पुन्हा जन्माला घालण्यासाठी ठाण्यावर निघाले. ठाण्याच्या दाराशी एवढी माणसे पाहून आधी फाटक लावले गेले. मोर्चा नाही हे पटवण्यात दुपार गेली. शेवटी चौघांना आत घेतले. कागद पुढे ओढणारा हवालदार चैतू सभ्य मनुष्य होता.

"म्हणजे ह्या मनकर्णा."

"हो."

"आन देवका?"

"त्याही ह्याच," श्रीहरी म्हणाला. "लग्नात नाव बदलते, साहेब. तुमच्या घरी नाई बदललं?"

चैतूने आपल्या घरच्या नावाचा क्षणभर विचार केला आणि मान डोलावली. "मंग आधी नाई काऊन म्हणलं?"

"प्रेमानं," श्रावण म्हणाला. चैतूने ते लिहिले नाही.

"वागणूक कसी होती?"

देवकाबाई उत्तरासाठी तोंड उघडतात तोच मंगली पुढे सरली. गावाने एकदा नाही म्हणून चूक केली होती. ती भरून काढायचा हा एकच मोका होता. "वागणूक? अवो साहेब, असी पोरगी ह्या नदीच्या दोन्ही काठाले पैदा नाई झाली! जंगलाच्या गार्डानं बापूची नाव अडवली, तं हिनं वल्ह्यानं असा हाणला, असा हाणला, का तो सीधा पाण्यात!"

"मंगले, चूप."

"चूप काऊन? खरं हाय ते!"

"कोणाले हाणलं?" चैतूचे पेन थांबले.

"गार्डाले. जंगलाच्या."

श्रावणला वाटले, माहिती अपुरी राहिली. "पण बुडतानी त्याले वरही हिनंच काढलं, साहेब. केस धरून."

"तेही लिहा," देवकाबाई थंडपणे म्हणाल्या.

"लिहितो, बाई," चैतू म्हणाला, आणि त्याने खरोखरच दोन्ही लिहिले.

या वेळी उत्तर लवकर आले. रामाजी यांस परवाना देण्यात येत आहे. सौ. देवकाबाई यांच्या बाबतीत मात्र खेद वाटतो. बेट संरक्षित असून तेथील राखणदारांच्या सुरक्षिततेचा विचार करता... घनश्यामभाऊंनी तेथे वाचन थांबवले, चष्मा काढला आणि म्हणाले, "बाई, अपील करता येते."

"कवापर्यंत लागते अपील?"

घनश्यामभाऊ प्रामाणिक होते. त्यांनी पत्राची घडी घातली.

सहलीची तारीख ठरलेली होती. रामाजींनी त्या दिवशी सर्वांत मोठे वाक्य बोलून दाखवले. "तू नाई तं मी काऊन जाऊ? मले पाण्याचं भेव वाटते. कंपनीले सांगू, दुसऱ्याले द्या."

देवकाबाई बराच वेळ पत्रकाकडे पाहत राहिल्या. ते काउंटरच्या काचेखाली ठेवले होते, आणि त्यावर बोटांचे ठसे उमटून ती खुर्ची जरा धूसर झाली होती.

"कोणी तरी पाहून आलं पाह्यजे," त्या म्हणाल्या. "तुमी जा. आन नीट पाहा. चारही दिशेले पाहा. एका बाजूनं पाहून हो म्हणू नोका. पलीकडं काठ दिसते का नाई, एवढं मले सांगा. दुसरं काही नाई सांगितलं तरी चालीन."

रामाजी गेले, तेव्हा त्यांच्या कमरेला हिंग, खिशात लिंबू आणि पिशवीत जवसाची चटणी होती. कंपनीचा एक मनुष्य नागपुरापासून सोबत होता. निरोपाला सगळी गल्ली आली. कांताबाईंनी ओवाळले आणि "समुद्राची गोष्टच येगळी" असे म्हणाल्या.

त्यानंतरचे दिवस देवकाबाईंनी कसे काढले? त्यांनी दुकान चालवले. गिऱ्हाइकांना गरजेपुरतेच सिमेंट दिले, त्यामुळे गावात त्यांच्या प्रकृतीची चौकशी सुरू झाली. सांजेला त्या तलावाच्या पाळीवर जात. समोरच्या काठावर रुखमा धोबीण कपडे आपटी आणि ओरडून विचारी, "बाई, भाऊ पोचले काय?" देवकाबाई पाण्याकडे पाहत. हेच पाणी पाटाने, नाल्याने, नदीने, प्राणहितेने, गोदावरीने जात जात शेवटी त्याच मोठ्या पाण्याला मिळत असेल. पाण्याला परवाना लागत नाही. त्यांना मत्सर वाटला. एवढ्या वयात, एवढ्या इभ्रतीच्या बाईला, पाण्याचा मत्सर.

रामाजी परत आले ते काळवंडून आणि नाकाची साल निघून. अंगणात खाट टाकली, गल्ली जमली. विमानाला खिडकी होती का? होती. काय दिसले? डोळे मिटले होते. गोरे लोक काय करतात? उन्हात वाळत पडतात, बोंबलासारखे. जेवण? नारळ. झोप? येत नव्हती, तेथे कुत्रेच नाही, रात्री काही भुंकत नाही, माणसाला कसे कळणार की आपण जिवंत आहोत?

"आन समुद्र?" कांताबाईंनी विचारले.

रामाजींनी खाटेच्या दोरीकडे पाहिले. "काही खास नाई. आपल्या तलावासारखाच. थोडा मोठा."

देवकाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. "पलीकडचा काठ?"

"दिसते," रामाजी म्हणाले.

"दिसते?"

"साफ दिसते. झाडं हायत. सिंदीचे." आणि मग, कोणीही विचारले नसताना, त्यांनी पुढे जोडले, "एक बाई लुगडं धुऊन राह्यली होती."

गल्लीने सुस्कारा सोडला. समुद्र आपल्या तलावासारखाच निघाला, याचे सर्वांना फार बरे वाटले. कांताबाई मात्र गोऱ्यामोऱ्या झाल्या. पण रामेश्वरला आपण काय पाहिले ते इतक्या वर्षांनी सांगायचे कसे, या पेचात त्या लवकर उठल्या.  भिजलेली थैली कोरडी म्हणून विकणे ज्याला जन्मात साधले नाही, तो मनुष्य आज गल्लीसमोर अख्ख्या समुद्राला काठ बांधून बसला होता. आणि तोही सिमेंटशिवाय.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हते. देवकाबाईंनी दुकानाचे शटर अर्ध्यावर ओढले, स्टूल पुढे सरकवले आणि त्यावर बसल्या.

"ती बाई," त्या म्हणाल्या, "धुणं झाल्यावर कुठी गेली?"

रामाजी पाण्याचा पेला पुसत होते. पुसत राहिले. मग त्यांनी तो खाली ठेवला.

"नोती," ते म्हणाले. "बाई नोती. काठही नोता."

"कुठीच?"

"कुठीच नाई. पहिल्या दिवशीच मी सगळं बेट फिरलो, पाय भाजले. वाटलं, एका बाजूनं तरी असंल. तू इचारशील म्हणून मी लई पाह्यला. नाई. समोर नाई, मांगं नाई. सांजच्याले पाणी आन आभाळ एकच होऊन जाते, शिवण दिसत नाई. मले भेव वाटलं. मंग तुझा राग आला."

"माझा काऊन?"

"तिथी तू पाह्यजे होती. मी पाहून काय करू? मले तं सांगताही येत नाई." त्यांनी पेला पुन्हा उचलला. "म्हणलं, सांगितलं तं तू जन्मभर झुरशील. काठ हाय म्हणलं तं सुटशील."

देवकाबाईंनी पदराने तोंडावरची सिमेंटची धूळ टिपली. टिपायला नेहमीपेक्षा वेळ लागला. मग त्यांनी पाठ थैल्यांच्या थप्पीला टेकवली, पाय लांब केले आणि डोळे मिटले.

"पहिल्यापासून सांगा," त्या म्हणाल्या. "विमानातून उतरले, तथून. नाई सांगता आलं तरी सांगा."

रामाजी सांगू लागले. त्यांना शब्द सापडत नव्हते. ते थांबत, हात हवेत फिरवत, मग पुन्हा मागे जाऊन सुरुवात करीत. देवकाबाईंनी एकदाही त्यांचे वाक्य पुरे केले नाही. वाळू पायाखाली कशी बोलते हे झाले. पाणी जवळ हिरवे आणि दूर निळे कसे होते, हे तीनदा झाले. ते निळ्यापाशी पोचले होते तोच शटर बाहेरून वाजले.

"देवकाबाई! अवो बाई!" पत्रू गवंड्याचा आवाज. "पाया भरून राह्यलो, सिमेंट सरलं! हायत का बाई?"

देवकाबाईंनी डोळे उघडले नाहीत.

"उद्या ये, पत्रू," त्या म्हणाल्या. "देवकाबाई गावात नाई."

 पत्रू तो आवाज वीस वर्षे ओळखत होता; पण त्या आवाजाशी वाद घालायचा नसतो, हेही तो तितकीच वर्षे जाणत होता.

"बरं," तो म्हणाला. "कवा येतीन?"

"आताच पोचली हाय ती," आतून उत्तर आले. "राहू दे थोडी."